दूध केंद्राच्या संगणकाचं घड्याळ: नेटवरून वेळ लावणं चालू ठेवावं की बंद?

पंचगंगाकाठ | सोमवार, २१:१०

मंडळी, एका प्रश्नाने आठवडाभर डोकं खाल्लंय, म्हणून धागा काढतोय.

आमच्या भागातल्या ११ गावांतल्या दूध संकलन केंद्रांचे संगणक मी बघतो. पहाटे साडेपाचला केंद्र उघडतं. काट्यावर दूध, मशीनवर फॅट, आणि संगणकातून पावती. सकाळ की संध्याकाळ हे सत्र सॉफ्टवेअर स्वतःच टाकतं, संगणकाच्या घड्याळाकडे बघून. दुपारी बाराच्या आत सकाळ, पुढे संध्याकाळ.

गेल्या मंगळवारी एका केंद्रावर एक मावशी सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी साडेचार लिटर दूध घालून गेल्या. पावती निघाली ती आदल्या दिवशीच्या संध्याकाळची! म्हणजे सोमवारी संध्याकाळी त्यांच्या नावावर दोन नोंदी आणि मंगळवारची सकाळ कोरी. दहा दिवसांचं बिल काढताना ती दुसरी नोंद दुबार म्हणून उडवली गेली. मावशींचं एका वेळचं दूध बुडालं ते बुडालंच, वर चारचौघांत 'दुबार पावती करता काय' हे ऐकून घ्यावं लागलं. पैसे मी मिळवून दिले. पण ते शब्द त्यांच्या मनातून कसे जाणार?

केंद्र चालवणारा पोरगा म्हणतो, मी घड्याळ बरोबर लावतो आणि डोंगल जोडलं की ते आपोआप बिघडतं. त्याचं म्हणणं, ते 'नेटवरून वेळ' बंदच करून टाका. मला पटत नाही, पण माझ्यासमोर त्याने डोंगल जोडलं आणि घड्याळ खरंच बिघडलं. काय करू?

रातराणी | सोमवार, २१:२२

मदरबोर्डवरचा सेल गेलाय. सीआर २०३२. बदलून टाका.

खारीबिस्कीट | सोमवार, २१:३१

@रातराणी, सेल गेला तर संगणक बंद करून पुन्हा चालू केल्यावर घड्याळ मागे जातं. इथे चालू संगणकाला डोंगल जोडल्यावर जातंय. सेलचा आणि डोंगलचा काय संबंध?

सुपारीबाग | सोमवार, २१:४५

मी तरी बंद करा म्हणेन. माझ्या दुकानात बिलिंगचा संगणक आहे, सहा वर्षं हाताने घड्याळ लावतोय. महिन्याकाठी मिनिटभर इकडेतिकडे होतं, कुणाचं काही अडत नाही. जे आपल्याला दिसत नाही, कुठून येतं माहीत नाही, त्याच्या हातात पावतीवरची वेळ कशाला द्यायची?

नेटका | सोमवार, २२:२०

@सुपारीबाग, तुमच्या दुकानात एकच संगणक आहे, म्हणून अडत नाही. ११ केंद्रं आणि एक मुख्य कार्यालय असलं की प्रत्येकाचं मिनिटभर वेगवेगळ्या दिशेला जातं.

घड्याळ का चुकतं ते आधी बघू. संगणकात क्वार्ट्झचा एक स्फटिक असतो, सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरणारा. हा आकडा म्हणजे दोनाचा पंधरावा घात, त्यामुळे तो पंधरा वेळा निम्मा केला की बरोबर एक सेकंद मिळतो. साध्या स्फटिकात दहा लाखांत वीस इतकी चूक धरतात. दिवसाचे ८६,४०० सेकंद, म्हणजे रोज साधारण १.७ सेकंद, महिन्याला ५० च्या आसपास. तुमचं मिनिटभर तिथून येतं. पत्र्याच्या खोलीत, उन्हाळ्यात, आणखी वाढतं.

पण पंचगंगाकाठ, तुमच्या केंद्रावर कित्येक तासांचा फरक पडलाय. स्फटिकाच्या चुकीने तेवढा पडायला शेकडो महिने लागतील. तेव्हा हा दोष घड्याळ सरकण्याचा नव्हे, वेगळाच काहीतरी आहे.

सातवाजूनपाच | सोमवार, २२:४१

थोडं अवांतर. आमच्या घरी सकाळचं पहिलं काम म्हणजे आकाशवाणी. बातम्यांच्या आधी टिक् टिक् टिक् वाजायचं, शेवटचा ठोका लांब. वडील एचएमटीची चावी बाहेर ओढून, काटा थांबवून बसायचे आणि लांब ठोक्याला चावी आत दाबायचे. तेवढा वेळ घरात कुणी बोलायचं नाही, कुकरची शिट्टीसुद्धा आईने आवरलेली असायची. गावात दुसरी सोय नगरपालिकेचा भोंगा. अख्खं गाव त्यावर चालायचं.

संगणकाचं नेटवरून घड्याळ लावणं म्हणजे तेच ना?

नेटका | सोमवार, २३:०५

@सातवाजूनपाच, सुंदर आठवण. जवळजवळ तेच, पण एक मोठा फरक आहे. रेडिओलहर प्रकाशाच्या वेगाने येते, त्यामुळे वडिलांना वाटेतला उशीर मोजायची गरज नव्हती. आज तीच टिकटिक मोबाईलच्या ॲपवर ऐकाल तर काही सेकंद मागे असते. इंटरनेटवर निरोप कधी २० मिलिसेकंदांत पोचतो, कधी ३०० मध्ये. म्हणून एनटीपी (नेटवरून घड्याळ लावण्याचा प्रोटोकॉल, म्हणजे ठरलेली पद्धत) नुसतं ऐकत नाही, जाऊन-येऊन किती वेळ लागला तेही मोजतं.

उदाहरण देतो. माझ्या घड्याळात बरोबर दहा वाजता मी सर्व्हरला विचारलं. निरोप पोचला तेव्हा त्याच्या घड्याळात दहा वाजून ७.०४० सेकंद झाले होते. त्याने ७.०४१ ला उत्तर धाडलं. ते माझ्याकडे आलं तेव्हा माझ्या घड्याळात दहा वाजून ०.०८१ सेकंद. आता गणित: एकूण गेले ०.०८१, त्यातला ०.००१ सर्व्हरपाशी गेला, म्हणजे प्रवास ०.०८०. जातानाचा फरक ७.०४०, येतानाचा ६.९६०. दोन्हींची सरासरी ७.०००. माझं घड्याळ बरोबर ७ सेकंद मागे आहे. दोन्हीकडच्या मिळून चार वेळांची नोंद झाली आणि वाटेतला उशीर बाजूला निघाला.

खारीबिस्कीट | सोमवार, २३:१२

हे 'जायला जितका वेळ तितकाच यायला' असं धरूनच ना? मोबाईल डेटावर अपलोड रडतखडत आणि डाउनलोड पळत, हे रोजचं आहे.

नेटका | सोमवार, २३:२०

अगदी बरोबर पकडलंत. जायला ७० आणि यायला १० मिलिसेकंद लागले तर एकूण ८० च दिसतात आणि चूक राहते फरकाच्या निम्मी, म्हणजे ३० मिलिसेकंद. दुधाच्या पावतीला चालेल. शेअर बाजाराला नाही चालणार, तिथे पीटीपी नावाचा वेगळा प्रोटोकॉल आणि वेळ नोंदणारी खास नेटवर्क कार्डं लागतात.

सॅनहोजेकर | मंगळवार, ०८:५२

धागा आत्ता वाचला. पंचगंगाकाठ, चुकीच्या पावतीवर वेळ काय छापली होती? आदल्या संध्याकाळचे नक्की किती?

पंचगंगाकाठ | मंगळवार, ०९:१५

१७:४०. पावतीचा फोटो माझ्याकडे आहे. खरी वेळ ०६:१०.

सॅनहोजेकर | मंगळवार, ०९:२१

मग सापडलं! मी रोज संध्याकाळी पावणेसहाला आईला फोन करते तेव्हा तिच्याकडे दुसऱ्या दिवशी सकाळचे सव्वासहा झालेले असतात. साडेबारा तास. हे गणित मी झोपेतही सांगेन. त्या संगणकाचा टाइम झोन पॅसिफिक आहे, म्हणजे आमच्या अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याचा. विंडोज नवीन टाकताना तो झोन तसाच राहिला असणार.

पंचगंगाकाठ | मंगळवार, १३:४०

आत्ताच केंद्रावर जाऊन आलो. ताई, तुमच्या तोंडात साखर पडो. झोन पॅसिफिकच होता! मे महिन्यात हार्ड डिस्क गेली म्हणून विंडोज नव्याने टाकलं होतं, तेव्हापासून तसाच.

पोरगाही खोटं बोलत नव्हता. कोपऱ्यातली वेळ चुकीची दिसली की तो हाताने सहा-दहा करायचा. डोंगल एरवी संकलन संपल्यावर माहिती पाठवायला लागतं, तोवर पावत्या निघून गेलेल्या असायच्या. त्या मंगळवारी मात्र आदल्या रात्री वीज नव्हती, सोमवारची माहिती जायची राहिली होती, म्हणून त्याने सकाळी आल्या आल्या डोंगल जोडलं. पण नेटवरून आलेली वेळ चुकीची कशी झाली, हे मला अजून नीट कळलेलं नाही. सर्व्हर तर भारतातला टाकला होता.

नेटका | मंगळवार, १४:०२

सर्व्हर दिल्लीतला असो नाहीतर डेलावेअरमधला, एनटीपी फक्त यूटीसी, म्हणजे जगभरासाठी एकच असलेली प्रमाण वेळ, पाठवतं. त्या निरोपात टाइम झोन नसतोच. 'साडेपाच तास मिळवायचे' हे ज्याचं त्याचं यंत्र ठरवतं. त्या सकाळी यूटीसी ००:४० होते. तुमच्या यंत्राने त्यातून पॅसिफिक उन्हाळ्याचे ७ तास वजा केले, आले आदल्या दिवशीचे १७:४०. नेटने वेळ बरोबरच दिली होती. पोराने हाताने लावलेलं घड्याळ डोळ्यांना बरोबर दिसत होतं आणि आतून साडेबारा तास चुकलेलं होतं.

सॅनहोजेकर | मंगळवार, १४:१०

आणि नोव्हेंबरात आमच्याकडे घड्याळं तासभर मागे गेली की तुमच्या केंद्रावर तोच फरक साडेतेरा झाला असता. मग आणखी डोकं फिरलं असतं. चला, इथे रात्रीचे पावणेदोन झालेत, झोपते.

आजोळ | मंगळवार, १४:३०

झोनचा गोंधळ आमच्याकडे वेगळ्या रूपात आला होता. एकाच लॅपटॉपवर विंडोज आणि लिनक्स. लिनक्स वापरून विंडोजमध्ये आलं की घड्याळ बरोबर साडेपाच तास मागे. लिनक्स मदरबोर्डवरच्या घड्याळात यूटीसी लिहितं आणि विंडोज तीच वेळ स्थानिक समजून वाचतं. दोघांपैकी एकाला दुसऱ्यासारखं वागायला सांगावं लागतं. साडेपाच तासांचा फरक दिसला की आधी हे तपासा.

सुपारीबाग | मंगळवार, १५:१०

माझं कालचं मत मागे घेतो. नेटवरचं घड्याळ बंद केलं असतं तर दोष तसाच राहिला असता आणि मावशींनाच पुन्हा बोलणी बसली असती. माझ्या संगणकाचा झोन आत्ता तपासला, कोलकाता आहे, ठीक.

दिंडोरी_रोड | मंगळवार, १५:४८

अवांतर: हा साडेपाचचा हिशेब १ जानेवारी १९०६ पासूनचा, ८२.५ अंश पूर्व रेखांशावरून. त्याआधी मुंबईची स्वतःची वेळ होती, ग्रीनिचच्या ४ तास ५१ मिनिटं पुढे. म्हणजे आजच्या वेळेच्या ३९ मिनिटं मागे. १९०६ नंतरही मुंबईने आपली वेळ बराच काळ सोडली नाही. एका शहरात स्टेशनची वेळ एक आणि शहराची एक.

पंचगंगाकाठ | मंगळवार, २०:२५

दुसरी अडचण आता सांगतो, कारण पहिली सुटल्यावर बाकीची दहाही केंद्रं बघायला घेतली. एका केंद्रावर संगणक चालू केला की तारीख जानेवारी २०१५. तिथे रातराणी म्हणतात तसा सेलच गेलाय, तो बदलतो. पण तिथे डोंगल असूनही वेळ सुधारत नाही. उलट दूध संघाच्या सर्व्हरला माहितीच जात नाही, सर्व्हरची ओळख पटवणारं सर्टिफिकेट वैध नाही म्हणून जोडणी तुटते.

खारीबिस्कीट | मंगळवार, २०:४०

सर्टिफिकेट आजचं, संगणक २०१५ मध्ये. त्याच्या लेखी ते सर्टिफिकेट अजून लागूच झालेलं नाही. म्हणून तो जोडणी नाकारतो, आणि त्याच्या जागी ते बरोबर आहे.

नेटका | मंगळवार, २१:०५

वेळ न सुधारण्याचं कारण म्हणजे विंडोजची एक मर्यादा. डोमेनमध्ये (एका मध्यवर्ती सर्व्हरच्या ताब्यातल्या संगणकांच्या गटात) नसलेल्या संगणकावर ती मूळची ५४,००० सेकंद, म्हणजे १५ तास असते. त्याहून मोठा फरक दिसला तर विंडोज तो मान्यच करत नाही. तुमच्या पहिल्या केंद्रावर फरक साडेबारा तासांचा, १५ च्या आत, म्हणून तिथे निमूटपणे बदल झाला. इथे फरक वर्षांचा, म्हणून नकार. लिनक्सवर घड्याळ लावणाऱ्या जुन्या एनटीपीडी या प्रोग्राममध्ये हीच मर्यादा १,००० सेकंद आहे, त्याच्यावर तो काम सोडून थांबतो.

सेल बदला, तारीख एकदा हाताने लावा, मग सिंक करा. आणखी एक: विंडोजच्या जुन्या आवृत्त्या मुळात सात दिवसांतून एकदाच वेळ विचारतात. तुमचे संगणक सकाळ-संध्याकाळ तीन-तीन तास चालू आणि त्यातही डोंगल थोडा वेळ. टास्क शेड्यूलरमध्ये 'नेट जोडलं की लगेच सिंक' असं काम टाकून ठेवा.

रातराणी | मंगळवार, २१:११

सेल! सेल! निदान एका केंद्रावर तरी मी बरोबर निघाले :)

घाटमाथा | मंगळवार, २२:३०

एक सुचवणी. प्रत्येक केंद्राने बाहेरच्या सर्व्हरला कशाला विचारायचं? संघाच्या कार्यालयात एकच सर्व्हर ठेवा, सगळी केंद्रं त्यालाच विचारतील. खरी वेळ दोन मिनिटं चुकली तरी चालेल, सगळ्यांची सारखी असली म्हणजे झालं. तंटा होतो तो फरकामुळे.

वडाचापार | मंगळवार, २२:५८

@घाटमाथा, याला माझा ठाम विरोध, कारण मी ते भोगलंय. मी होतो त्या कंपनीत दोनशे संगणक एकाच सर्व्हरला विचारायचे. तो सर्व्हर आभासी यंत्रावर, म्हणजे खऱ्या संगणकाच्या आत सॉफ्टवेअरने उभ्या केलेल्या संगणकावर चालायचा आणि वेळ त्या खालच्या खऱ्या यंत्राकडून उचलायचा. एका रविवारी खालचं यंत्र दुरुस्त करताना त्याचं घड्याळ ४० मिनिटं पुढे लागलं. सोमवारी दोनशेही संगणक मुकाट ४० मिनिटं पुढे. सगळे 'सारखे' होते, म्हणून कुणाला शंकाच आली नाही. हजेरी मात्र त्याच यंत्रणेवर. नऊला वेळेवर आलेल्या पोरींना अर्धा दिवस बिनपगारी लागला. दुरुस्त करून घ्यायला पुढचा पगार उजाडला.

सारखी चूक जास्त घातक, कारण ती दिसत नाही. संघात सर्व्हर जरूर ठेवा, पण तो स्वतः बाहेरच्या निदान चार घड्याळांना विचारणारा हवा. दोन असली आणि त्यांच्यात तफावत आली तर कुणाचं खरं ते कळत नाही. तीन-चार असली तर चुकार एकटा पडतो, एनटीपी त्याला बाजूला काढतं.

मंगलाष्टक | मंगळवार, २३:१५

भास्कराचार्यांच्या मुलीच्या लग्नाची दंतकथा आठवली. मुहूर्तासाठी घटिकापात्र पाण्यात सोडलं होतं. तळाला भोक असलेली वाटी, २४ मिनिटांत भरून बुडणारी. मुलगी वाकून बघायला गेली, अंगावरच्या दागिन्यातला मोती पडून भोक बुजलं, आणि मुहूर्त टळून गेला. मांडवात चार घटिकापात्रं असती तर तीन बुडालेली बघून गुरुजींनी चौथं बाजूला काढलं असतं!

वडाचापार | मंगळवार, २३:२०

@मंगलाष्टक, याहून चांगलं उदाहरण मला देता आलं नसतं.

निबंधक | बुधवार, १०:०५

सारखी की खरी, याचा एक कायदेशीर भागही आहे. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने २८ एप्रिल २०२२ ला निर्देश काढले. सेवा पुरवठादार, डेटा सेंटर, कंपन्या वगैरेंनी आपली घड्याळं एनआयसी (सरकारचं राष्ट्रीय माहितीशास्त्र केंद्र) किंवा दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या, म्हणजे एनपीएलच्या एनटीपी सर्व्हरशी, किंवा त्यांच्याशी जोडलेल्या सर्व्हरशी जुळवायची आणि लॉग, म्हणजे यंत्रांनी केलेल्या नोंदी, १८० दिवस जपायचे. भारतीय प्रमाणवेळ राखणारी संस्था एनपीएलच, तिच्याकडे सीझियमची अणुघड्याळं आहेत. संघाच्या सर्व्हरला एनआयसीचे दोन 'समय' सर्व्हर, एक एनपीएलचा आणि एक भारताच्या एनटीपी पूलमधला (सगळ्यांना खुल्या असलेल्या वेळ-सर्व्हरांच्या गटातला), असे चार लावा. उद्या पावतीवरून वाद सहकार न्यायालयात गेला तर 'ही वेळ कुठून आली' याला उत्तर हवं.

घाटमाथा | बुधवार, १०:४०

मान्य. सारखीही हवी आणि खरीही. पण केंद्रांना जवळचा सर्व्हर संघाचाच राहू द्या, यावर मी ठाम आहे.

न्यूआर्कवासी | बुधवार, १९:३०

नेटका यांनी डेलावेअर म्हटलं म्हणून लिहितोय. माझी मुलगी डेलावेअर विद्यापीठात शिकते. एनटीपी रचणारे डेव्हिड मिल्स तिथलेच प्राध्यापक. १९८५ मध्ये त्यांनी या प्रोटोकॉलचा पहिला मसुदा मांडला, पुढची कित्येक दशकं तेच ते सुधारत राहिले. जन्मापासून काचबिंदू होता, उतारवयात दृष्टी पूर्ण गेली. जानेवारी २०२४ मध्ये ते वारले. या क्षणी जगातले किती संगणक त्यांच्या त्या चार नोंदींचं गणित करत असतील! मला त्यांच्याबद्दल फार आदर वाटतो, म्हणून हे नाव या धाग्यावर असावं असं वाटलं.

सातवाजूनपाच | बुधवार, १९:४८

_/\_

पंचगंगाकाठ | रविवार, १८:३५

सगळ्यांना हिशोब द्यायचा राहिला होता. संघात सर्व्हर उभा केला, निबंधक यांनी सांगितलेल्या चार ठिकाणी जोडला. ११ पैकी ९ केंद्रं त्याला विचारतात. झोन सगळीकडे तपासला, आणखी एका ठिकाणी पॅसिफिकच निघाला, तिथे नेट कधी जोडलंच जात नव्हतं म्हणून लपून राहिला होता. सॉफ्टवेअरवाल्याला सांगून एक अटकाव टाकून घेतला: आधीच्या पावतीपेक्षा मागची वेळ आली तर पावती निघत नाही, लाल अक्षरात 'घड्याळ तपासा' येतं.

काल सकाळी त्या केंद्रावर थांबलो होतो. मावशी आल्या, पावती घेतली, चष्मा नव्हता म्हणून माझ्यापुढे धरली. शनिवार, सकाळ, ०६:१४. मी वाचून दाखवली. त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं आणि पावती घडी घालून कनवटीला लावली. सचिवही तिथेच होते, त्यांनी सर्वांसमोर 'चूक आमच्या यंत्राची होती' असं सांगितलं. मी त्यांना सांगितलं नव्हतं, ते आपणहून बोलले.

दोन केंद्रं राहिलीत. तिथे डोंगरामुळे रेंजच नाही, माहिती पेनड्राइव्हने येते. त्यांना वेळ कुठून द्यावी?

आजोळ | रविवार, १८:५५

यूएसबीचा जीपीएस रिसीव्हर. उपग्रहावर अणुघड्याळं असतात, रेंज लागत नाही, फक्त आकाश लागतं. नुसत्या यूएसबीवर सेकंदाच्या काही दशांशांपर्यंत चूक राहते, पावतीला ती काहीच नाही. फक्त फार जुना रिसीव्हर घेऊ नका. जीपीएसमध्ये आठवड्यांची मोजणी १०२४ झाली की पुन्हा शून्यापासून सुरू होते. एप्रिल २०१९ मध्ये ती तशी झाली, तेव्हा बरेच जुने रिसीव्हर जवळजवळ वीस वर्षं मागे गेले.

पंचगंगाकाठ | रविवार, १९:०२

मागवतो दोन. बुधवारी जाऊन बसवतो.

खारीबिस्कीट | रविवार, १९:०८

केंद्रावर पत्रा आहे ना? मग रिसीव्हर टेबलावर ठेवू नका, पत्र्याखाली सिग्नल मिळणार नाही. वायर लांब घ्या आणि तो खिडकीबाहेर काढा.

पंचगंगाकाठ | रविवार, १९:११

पाच मीटरची घेतो. पावसाचं पाणी लागू नये म्हणून वर काय झाकू? प्लास्टिकचा डबा चालेल का?

आजोळ | रविवार, १९:१५

चालेल. स्टीलचा नको.